चेशरची गोठ्याची वही कशी वाचावी: एकोणिसाव्या शतकातला इंग्लिश पशुविमा आणि बुळकांडी

एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमधली गुरांची वही, भरपाईची पावती किंवा एखाद्या गावच्या काऊ क्लबाची (गाय मेली तर भरपाई देणाऱ्या, वर्गणीवर चालणाऱ्या मंडळाची) नियमावली हाताशी आली की आपण पहिल्यांदा रोगाचं नाव शोधतो. माझं म्हणणं, आधी पैसे कुणी दिले ते शोधा. विमा कंपनीने, गावच्या क्लबाने, की काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्ह्याने, कर बसवून? एवढं कळलं की रोग कोणता असेल, लिहिलेली किंमत खरी की फुगवलेली, मालकाने आजार लपवला असेल की स्वतः जाऊन कळवला असेल, हे सगळं त्याच कागदातून निघू लागतं.

मी पशुसंवर्धन खात्यात नोकरी केली, सांगली-साताऱ्याकडच्या दवाखान्यांत. विम्याची गाय मेली की पंचनामा, शवविच्छेदन, कानातला बिल्ला काढून अर्जाला जोडणं, आणि 'बिल्ला नाही तर दावा नाही' हे शेतकऱ्याच्या तोंडावर सांगणं, यात आयुष्य गेलं. निवृत्तीनंतर लेकीकडे मँचेस्टरला जाणं-येणं सुरू झालं. शेजारीच चेशर, दुधाचा आणि चीजचा मुलूख. तिथल्या १८६६ च्या कागदांत शिरलो आणि तिथेच रमलो. पुढे लिहिलंय ते अशा कागदांत हात घालणाऱ्यांसाठी: इतिहासाचे विद्यार्थी, पशुवैद्यकीची पोरं, आणि तिकडे राहून आपल्या घरामागच्या जुन्या शेताची हकिगत जाणून घ्यायची हौस असलेली मराठी माणसं.

आधी साल, मग लक्षणं

कागदावरचं साल आधी टिपून घ्या. लाळ्या खुरकुत इंग्लंडात १८३९ मध्ये पहिल्यांदा नोंदली गेली. त्यानंतर दोन-तीन वर्षांत सांसर्गिक फुफ्फुसदाह आला आणि पुढची पन्नासहून अधिक वर्षं ठाण मांडून बसला. १८९८ मध्ये तो हटला. बुळकांडीची, म्हणजे गुरांच्या जीवघेण्या मरीची, मोठी साथ १८६५ ते १८६७. म्हणजे १८५२ च्या कागदात गुरं पटापट मेलेली दिसली तर संशय फुफ्फुसदाहावर घ्या, आणि १८६६ च्या वसंतातली असतील तर बुळकांडीवर.

नावांवर फार विसंबू नका. 'मरेन' हा शब्द कुठल्याही जनावरांच्या मरीला लावत. लाळ्या खुरकुतीला १८४० च्या दशकात नुसतं 'एपिडेमिक' म्हणत. बुळकांडीला कुणी 'कॅटल प्लेग', कुणी 'रिंडरपेस्ट', कुणी 'स्टेप मरेन' लिहितो. लिहिणारा बहुधा शिकलेला पशुवैद्य नसे. गावचा इन्स्पेक्टर म्हणून कधी कधी ज्याला गुरांतलं जेमतेम कळतं अशा माणसाला नेमलेलं असे.

त्यापेक्षा दिवस मोजा. आठवडा-दहा दिवसांत गाय मेली, तोंडात कोंडा चिकटल्यासारखे पांढुरके चट्टे, डोळ्यांतून-नाकातून पाणी, मग पातळ दुर्गंधी हगवण: ही बुळकांडी. आमच्याकडच्या जुन्या शेतकऱ्याला यातलं पहिलं अर्धं वाक्य ऐकवलं तरी तो पुढचं सांगेल. गाय आठवडे-आठवडे खोकतेय, खंगतेय, उघडल्यावर एका बाजूचं फुफ्फुस जड, घट्ट, संगमरवरी नक्षीचं आणि बरगडीला चिकटलेलं: हा फुफ्फुसदाह. आणि गाय मेलीच नाही, फक्त लंगडली, लाळ गळली, दूध गेलं, तर लाळ्या खुरकुत. तिची भरपाईच्या वहीत नोंद फारशी मिळत नाही. तिचं नुकसान शेतकऱ्याच्या स्वतःच्या दुधाच्या हिशेबात शोधावं लागतं.

कंपनीचा कागद असेल तर

१८४० च्या दशकात नवे रोग आले तशा पशुविम्याच्या कंपन्याही आल्या. त्यांतली 'ॲग्रिकल्चरिस्ट कॅटल इन्शुरन्स कंपनी' लक्षात ठेवा, कारण तिच्याबद्दल सगळ्यात जास्त वाचायला मिळतं, आणि तेही विम्याच्या कागदांत नव्हे, कोर्टाच्या निकालांत! १८४५ च्या सुमाराची ही कंपनी. १८४८ पर्यंत नुकसान इतकं वाढलं की भागधारक आपसांत भांडू लागले, आणि विल्टशरमधल्या चिपनम गावी तडजोड झाली: ज्यांना निघायचंय त्यांनी ठरलेली रक्कम भरून निघावं. पुढे कंपनी बुडाली, दिवाळं निघालं, आणि कंपनीची देणी कुणाकडून वसूल करायची हा प्रश्न आला. १८६८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील-न्यायालयाने, स्पॅकमन नावाच्या भागधारकाला, चिपनमनंतर वीस वर्षांनी, जबाबदार धरलं. चिपनमच्या तडजोडीत निघालेला स्मॉलकोम मात्र सुटला. वकिलांना हे निकाल कंपनी कायद्यासाठी लागतात. आपण ते गुरांसाठी वाचायचे. कंपनी कधी, कशी आणि किती वेगाने खचली हे त्यांत वकिली भाषेच्या आडून दिसतं.

अशा कंपन्या का टिकल्या नाहीत, ते मला पॉलिसीचा नमुना न बघताही सांगता येईल. शेजारच्या गोठ्यात खोकला सुरू झाला की लोक विमा उतरवायला धावतात. फुफ्फुसदाहात तर लागण झालेली गाय कित्येक आठवडे ठणठणीत दिसते, बाजारात विकली जाते, विमा उतरवून घेते आणि मग आडवी होते. तपासणारा लंडनहून येणार, तोवर कातडं चांभाराकडे गेलेलं. वर सगळ्यात मोठी अडचण: आग एका घराला लागते, साथ अख्ख्या खोऱ्याला लागते. एका जिल्ह्यातल्या हप्त्यांतून त्याच जिल्ह्यातली साथ भरून काढता येत नाही. म्हणून कंपनीची पॉलिसी हातात आली तर आधी अपवादांची कलमं वाचा. कोणता रोग वगळलाय, किती दिवसांनंतर विमा लागू होतो, आणि पूर्ण किंमत देतात की काही हिस्सा. हिस्सा देत असतील तर कंपनी शहाणी आहे असं समजा. मालकाचंही थोडं बुडायला हवं, नाहीतर तो गाय राखत नाही.

काऊ क्लब

हा माझा आवडता कागद. लिंकनशर, चेशर, श्रॉपशर या भागांत गावोगाव असे क्लब होते. एक-दोन गायी पाळणारे मजूर, छोटे कूळ एकत्र येत, तिमाहीला ठरावीक वर्गणी भरत, आणि कुणाची गाय मेली तर पेटीतून पैसे देत. डुकरांचेही असेच क्लब होते, आणि ते गरिबाहून गरिबाचे. १८७५ च्या फ्रेंडली सोसायटीज ॲक्टमध्ये तर गुरांच्या विमा सोसायट्यांना वेगळा वर्गच मिळाला: गाईगुरं, मेंढ्या, कोकरं, डुकरं, घोडे, सगळं त्यात आलं.

नियमावली वाचताना चार गोष्टी शोधा. गाय क्लबात घेताना कुणी तपासली? बहुतेक ठिकाणी क्लबातलेच दोन-तीन जाणते सभासद जात आणि पसंत पडली तर शिंगावर किंवा खुरावर क्लबाची खूण डागत. (आमचा कानातला बिल्ला तो हाच. फक्त शिंग कापून दुसऱ्या गाईला लावता येत नाही, बिल्ला मात्र लावणारे मी पाहिलेत.) दुसरं, आजारी पडल्यावर किती वेळात कळवायचं. तिसरं, मेलेल्या गाईचं कातडं-मांस विकून आलेले पैसे कुणाचे; ते बहुधा क्लबाचे असत, आणि भरपाईतून वजा झाले की नाही हे पाहिल्याशिवाय रक्कम उतरवून घेऊ नका. चौथं, पेटी रिकामी झाली तर काय: जादा वर्गणी काढायची, की भरपाई कमी करायची, की क्लबच मोडायचा.

क्लब टिकत, कंपनी टिकत नसे. कारण क्लबातला प्रत्येक माणूस दुसऱ्याची गाय रोज बघत होता. पण हे बाळंतपणात अडलेल्या, पोट फुगलेल्या, खड्ड्यात पडलेल्या गाईपुरतं. बुळकांडीपुढे क्लबाची पेटी म्हणजे पुरात मातीचा बांध. म्हणून १८६५-६६ मध्ये एखाद्या क्लबाच्या वहीत अचानक पानं कोरी दिसली, तर वही हरवली असं गृहीत धरू नका. भरपाई थांबवल्याचा किंवा बुळकांडी वगळल्याचा ठराव आधीच्या पानांत शोधा.

काउंटीचा पैसा: १८६६

इथे थांबून नीट वाचायचं, कारण खरी मोठी रक्कम इथे आहे.

मे १८६५ च्या शेवटी बाल्टिक किनाऱ्यावरच्या रेव्हाल बंदरातून, म्हणजे आजच्या टॅलिनमधून, 'टॉनिंग' नावाच्या जहाजाने गुरं हल बंदरात उतरली. तिथून काही लंडनच्या इस्लिंग्टन बाजारात गेली. जून संपायच्या आत लंडनच्या गवळीवाड्यांत गायी मरू लागल्या. जॉन गॅमजी या पशुवैद्याने परदेशी गुरांसोबत रोग येईल असा इशारा आधीच देऊन ठेवला होता. तो माणूस तापट होता, म्हणून कुणी ऐकलं नाही, असं माझं मत. बाजारातून गुरं रेल्वेने देशभर पांगली, आणि साथही.

१८६५ साली इन्स्पेक्टरला आजारी गुरं मारण्याचा अधिकार दिला, भरपाई मात्र शून्य. गाय मारून जायचा अधिकारी दारात येणार आणि हातावर दमडी ठेवणार नाही म्हटल्यावर शेतकरी काय करणार? लपवणार, रात्री विकणार. त्यामुळे १८६५ च्या उत्तरार्धातल्या आकड्यांवर विश्वास ठेवायचा तर हात राखून. मग रॉयल कमिशन, म्हणजे सरकारी चौकशी आयोग, बसलं, अर्ल स्पेन्सर अध्यक्ष. त्याच्या कामात बर्डन सँडरसन या संशोधकाने रक्तातून रोग देता येतो हे प्रयोगाने दाखवलं, रोग कशाने होतो हे माहीत नसलेल्या काळात. आणि २० फेब्रुवारी १८६६ ला कॅटल डिसीजेस प्रिव्हेन्शन ॲक्ट आला.

या तारखेवर लाल रेघ मारा. तुमची नोंद तिच्या आधीची की नंतरची, यावर सगळं अवलंबून आहे. कायद्याने रोगी जनावर मारणं सक्तीचं झालं आणि भरपाई ठरली: रोगी जनावराला आजारी पडण्यापूर्वीच्या किमतीच्या निम्म्यापर्यंत, जास्तीत जास्त २० पौंड, संपर्कातलं निरोगी जनावर मारलं तर तीन चतुर्थांशापर्यंत, जास्तीत जास्त २५ पौंड. पैसा स्थानिक करातून.

या फरकाचा अर्थ शेतकऱ्याला लगेच कळला. लवकर कळवलं तर बाकीचा गोठा 'निरोगी' दराने जातो, उशीर केला तर निम्म्यावर येतो. फेब्रुवारीत आठवड्याला हजारोंनी येणारी नवी प्रकरणं वर्ष संपेपर्यंत तुरळक झाली, त्यात मारण्याइतकाच गुरांची ने-आण बंद करण्याचा आणि बाजार भरू न देण्याचा हात होता. पण लपवाछपवी थांबली ती या दरांमुळे, असं मी दावे निकालात काढणाऱ्याच्या अनुभवावरून म्हणतो. स्कॉटलंडात ॲबरडीनशरच्या शेतकऱ्यांनी तर कायद्याची वाट न पाहता स्वतःची संघटना काढली, वर्गणी जमवली, रोगी गुरं मारून मालकाला पैसे दिले आणि साथ रोखली.

सगळ्यांना हे पटलं होतं असं नाही. तत्त्वज्ञ आणि अर्थतज्ज्ञ जॉन स्टुअर्ट मिल तेव्हा नुकताच संसदेत आला होता. त्याने विधेयकावर बोलताना आक्षेप घेतला: गुरं कमी झाली की दूध-मांसाचे भाव वाढणार, म्हणजे वाचलेल्या गुरांवर शेतकऱ्याचं नुकसान तसंच भरून निघणार, मग वर भरपाईही कशाला इतकी? हॅन्सार्डमध्ये, म्हणजे संसदेच्या कामकाजाच्या वृत्तांतात, ती चर्चा फुकट वाचता येते. चेशरच्या एखाद्या कुळाच्या बाजूने विचार करा: ज्याचा गोठाच रिकामा झाला त्याला दुधाच्या भाववाढीचा काय उपयोग? देशात सगळ्यात जास्त मार बसलेल्या काउंटींत चेशर अग्रभागी होतं. देशभरात अधिकृत नोंदीत आलेली रोगी गुरं अडीच लाखांहून जास्त, आणि नोंदीत न आलेली वेगळी.

हिशेब लावताना

पैसे पौंड, शिलिंग, पेन्स असे तीन रकान्यांत असतात: १२ पेन्स म्हणजे एक शिलिंग, २० शिलिंग म्हणजे एक पौंड. कुठे गिनी दिसली तर २१ शिलिंग धरा.

समजा गाईची किंमत १४ पौंड लावली आहे. रोगी असेल तर जास्तीत जास्त ७ पौंड. संपर्कातली निरोगी असेल तर १० पौंड १० शिलिंग. जातिवंत शॉर्टहॉर्न वळूची किंमत ६० पौंड लावली, तर रोगी असताना निम्मे ३० होतात, पण हातात २० च. निरोगी असताना तीन चतुर्थांश ४५, पण हातात २५. म्हणजे गरिबाच्या गाईला कायद्याचा दर पुरता मिळे, आणि पैदाशीची उंची गुरं पाळणारा जमीनदार वरच्या मर्यादेवर आपटे.

उलटा हिशेब करताना सावध राहा. रोगी गाईला ६ पौंड १५ शिलिंग दिले असं वहीत आहे, तर गाईची किंमत किमान १३ पौंड १० शिलिंग. 'किमान', कारण कायद्यात 'यापेक्षा जास्त नाही' असं आहे. स्थानिक अधिकारी कमीही देऊ शकत. आणि बरोबर २० पौंड दिलेले असतील तर किंमत ४० किंवा कितीही जास्त, काही सांगता येत नाही. एकाच इन्स्पेक्टरच्या हाताखालच्या सगळ्या गायी जर गोल १२ किंवा १५ पौंडांच्याच निघाल्या, तर किंमत डोळ्यांनी ठरवलेली नाही, टेबलावर ठरवलेली आहे. मीही अशा याद्या पाहिल्यात, इंग्लंडच्या नव्हेत.

पुढच्या काळातल्या कागदाला १८६६ चे दर लावू नका. १८७८ च्या कायद्यात फुफ्फुसदाहाच्या रोगी जनावराला तीन चतुर्थांश, मर्यादा ३० पौंड. संपर्कातल्याला पूर्ण किंमत, मर्यादा ४०. १८९० पासून फुफ्फुसदाहाची कत्तल आणि भरपाई काउंटीकडून काढून केंद्राच्या बोर्ड ऑफ ॲग्रिकल्चरकडे दिली. त्यानंतर आठ वर्षांत रोग गेला. आणि खासगी विमा असेल तर १८९४ च्या कायद्यातलं एक कलम विसरू नका: सरकारी भरपाई मिळाली असेल तितकी रक्कम विमेदार आपल्या देण्यातून वजा करू शकतो. दोन कागदांत दोन वेगळ्या रकमा दिसल्या की त्यांची बेरीज करून 'शेतकऱ्याला इतके मिळाले' असं लिहायची घाई होते, ती या कलमामुळे चुकीची ठरू शकते.

कागद कुठे

भरपाईच्या नोंदी त्या त्या काउंटीच्या अभिलेखागारात, क्वार्टर सेशन्सच्या (काउंटीच्या तिमाही न्यायसभेच्या) कागदांत आणि कॅटल प्लेग कमिटीच्या इतिवृत्तांत शोधा. विचारताना काउंटी, पॅरिश (चर्चच्या हद्दीवरून ठरलेला गाव-विभाग) आणि साल तिन्ही द्या. नुसतं 'गुरांची मरी' म्हणून विचारलं तर कर्मचारी नम्रपणे हात हलवतील. क्लबांच्या नियमावल्या लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये, एफएस १ आणि एफएस ३ या मालिकांत. कुठला भाग रोगबाधित जाहीर झाला ते लंडन गॅझेट या सरकारी राजपत्रात, तेही घरबसल्या. वर्तमानपत्रांत साथीची आकडेवारी दर आठवड्याला छापून येई. तिच्याच शेजारी शंभर टक्के गुणकारी औषधांच्या जाहिराती असत, त्या मनोरंजनासाठी वाचायच्या.

आपल्याकडचा धागा जोडायचा असेल तर हिंदुस्थानातल्या कॅटल प्लेग कमिशनचा १८७१ चा अहवाल घ्या. इंग्लंडातल्या या साथीनंतरच इथे चौकशी बसली, आणि त्यातली रोगवर्णनं वाचताना १८६५ च्या इंग्लिश अहवालाची ओळख असली की बरंच सोपं जातं. पुण्यात १८८९ मध्ये इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी निघाली, ती १८९३ मध्ये मुक्तेश्वरला हलली. बुळकांडीच्या लसीचं इथलं काम तिथून पुढे गेलं.

शेवटचा पडताळा नॅशनल आर्काइव्हजच्या एमएएफ ६८ या मालिकेत. ग्रेट ब्रिटनची गुरांची सरकारी गणना सुरू झाली तीच या साथीच्या वर्षी, १८६६ मध्ये, आणि तिचे पॅरिशवार गोषवारे क्यूमध्ये आहेत. तुमच्या पॅरिशची १८६६ आणि १८६७ ची पानं शेजारी ठेवा. पण सरळ वजाबाकी करू नका: पहिली गणना मार्चमधली आहे आणि दुसरी जूनमधली, मधल्या काळात वासरं जन्मलेली असतात. दुभत्या आणि गाभण गायींचा रकाना तेवढा घ्या. तो १८६६ च्याच पानात फार छोटा आणि १८६७ मध्ये वाढलेला दिसला आणि भरपाईच्या वहीत मात्र त्या गावाची दोनच नावं असली, तर फेब्रुवारी १८६६ च्या आधीचे कागद मागवा. मार्चच्या गणनेत न दिसलेल्या गायी भरपाई सुरू होण्यापूर्वीच मेल्या असण्याची शक्यता जास्त.